नाकाफ

४ फेब्रुवारी

पहिल्याच दिवशी एकाचा पाय गेला. माझा नाही.

वरून पत्रा घसरला आणि त्याची कड त्याला गुडघ्याखाली लागली. इतकी साफ, की आधी त्याला कळलंच नाही. तो पुढचं पाऊल टाकायला गेला आणि पाऊल मागेच राहिलं. मी तिथल्या तिथे ओकलो. मागून दाजी म्हणाला, "मेहुणे, सकाळचा चहा फुकट घालवलात."

दाजी म्हणजे ताईचा नवरा. इथे गॅसकटर आहे, गॅसच्या ज्योतीने लोखंड कापतो. त्यानेच मला कामाला लावलं. जुनी जहाजं भरतीच्या पाण्यावर आणून किनाऱ्याला चिखलात रुतवतात आणि मग माणसं आत शिरून ती तोडतात. पाच मजली इमारतीएवढं एकेक धूड.

फाटकाजवळ रुळाचा हातभर तुकडा साखळीने टांगलाय. शेजारी लाकडी फळा, त्यावर साठ खिळे. जहाजात शिरणाऱ्याने आपला पत्र्याचा बिल्ला आपल्या नंबरच्या खिळ्याला लावायचा, बाहेर आला की काढून गळ्यात घालायचा. दुपारी रुळावर तीन ठोके पडतात— काम बंद, सगळे बाहेर. मग फळा रिकामा झाला की आणखी एक ठोका, शेवटचा. तो ऐकला की वरचा विंचवाला, वायर गुंडाळायच्या यंत्रावरचा माणूस, वायर सोडतो आणि सकाळभर कापलेला तुकडा खाली येतो. दहा टन, वीस टन. जमीन हलते. दातसुद्धा हलतात.

ठोके देणारा म्हातारा आहे. त्याला ठोक्याच म्हणतात. आणि या सगळ्या प्रकाराला म्हणतात नाकाफ. "नाकाफ झालं का?" "नाकाफनंतर बघू." कुठला शब्द, काय शब्द, कोणाला माहीत नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "तुझ्या बापाचा."

त्या पाय गेलेल्याचा बिल्ला संध्याकाळपर्यंत खिळ्यावरच होता. त्याचा मित्र येऊन काढून घेऊन गेला.

५ फेब्रुवारी

हात सोलपटले. पेन धरवत नाही.

६ फेब्रुवारी

ताई गॅसकटरांसाठी हातमोजे शिवते. जुन्या चामड्याचे. आरीने भोक पाडायचं, दाभणाने जाड सूत ओढायचं. यार्डातले निम्मे हात तिच्या मोज्यांत आहेत. मी म्हटलं, एक जोड मला दे ना. तर म्हणे, "तुला नाही. एकदा मोजे घातलेस की इथलाच होशील. तू जाणारा आहेस."

मग तळव्यांना तेल चोळून दिलं. जोरात. मी ओरडलो तर म्हणाली, "एवढ्याने? आणि जग फिरून आलास म्हणे."

८ फेब्रुवारी

आज कॅप्टनच्या खोलीतलं सामान काढायला चौघांना पाठवलं. तिघांनी काम केलं. मी खण उघडत बसलो. जहाज कलल्यामुळे खोली तिरकी झालीय, धक्का दिला की खण आपोआप बाहेर येतात, गंमत वाटते.

मिळालं ते असं: एक अर्धी कोरी वही— हीच. पानापानावर वारा, लाटा, दिशा असे रकाने छापलेत, मी त्यांच्यावरून आडवा लिहीत सुटतो. इतके दिवस पाकिटांच्या पाठी वापरत होतो, त्या पण आता हिच्यात चिकटवल्यात. आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, पाणी पिऊन फुगलेलं. शब्दांचं आहे. पण सुटे शब्द नाहीत, जोडीने हिंडणारे. पुढे क्रियापद आणि त्याला मागे बांधलेलं एक बारकं शेपूट. शेपूट बदललं की जनावरच बदलतं.

इंग्रजी मला येतं ते खानावळीपुरतं. एका बंदरावर दोन वर्षं खलाशांना जेवण वाढलं. तिथे शिव्या शिकलो आणि भाज्यांची नावं. शाळा म्हणाल तर आठवी दोनदा केली, दोन्ही वेळा अर्धी. अर्धी अधिक अर्धी, म्हणजे झालीच की एक.

तर पान उघडलं ते 'नॉक'चं. खाली त्याची सगळी पोरंबाळं. नॉक डाउन, नॉक आउट, आणि मग— नॉक ऑफ.

नाकाफ!

मी मोठ्याने हसलो. मुकादम दारात उभा होता. रबरी नळी पाठीत घातली, तीनदा. पुस्तक शर्टाखाली पोटाशी धरलं होतं म्हणून वाचलं. पाठीचं काय, ती परत उगवते.

पहिला अर्थ लावला: काम थांबवणं. दिवसाचं काम आटपून निघणं. बरोबर आहे. कधीतरी कोणी इंग्रजी बोलणारा साहेब इथे उभा राहून ओरडला असेल, तो गेला, शब्द राहिला.

११ फेब्रुवारी

एका खोलीत मध्ये पडदा. इकडे मी, तिकडे ती दोघं.

संध्याकाळी दाजी आला, पाणी प्यायला. मग विचारलं, "त्या लंगड्या कटरचे मोजे माझ्याआधी का शिवले?" ताई काहीतरी म्हणाली. मग नळीचा आवाज. गॅसची जुनी नळी आहे, आधी हवेत वाजते, मग अंगावर. मी मोजलं नाही. मोजलं, पण लिहीत नाही.

मी पडद्याला हात घातला. पलीकडून ताईच म्हणाली, "तू झोप." उजेड होता अजून. कोणी झोपत नाही त्या वेळी.

नंतर ती पाणी भरायला निघाली तेव्हा मी मागोमाग गेलो. म्हटलं, चल माझ्याबरोबर. कुठेही. म्हणाली, "तुझे पाय थांबत नाहीत, त्याचे हात थांबत नाहीत. मधे मी." आणि हसली. खरंच हसली. ओठ फुटलेला, तरी.

१२ फेब्रुवारी

या एका नॉक ऑफचे सहा अर्थ दिलेत. काम थांबवणं. किमतीत सूट देणं. एखादी गोष्ट घाईघाईत उरकून टाकणं. दुसऱ्याच्या मालाची हुबेहूब नक्कल मारणं. चोरणं. सहाव्याच्या जागी पान चिकटलंय, ओलं आहे. ओढलं तर फाटेल.

एवढे अर्थ कसे काय झेपतात एका शब्दाला, असं म्हणत होतो. मग वाटलं, आपण काय कमी आहोत? 'ठोकणं' घ्या. खिळा ठोकतात. मुक्काम ठोकतात. सलाम ठोकतात, भाषण ठोकतात, बोंब ठोकतात, दाराला टाळं ठोकतात, कोर्टात दावा ठोकतात. मी सर्कशीत होतो तेव्हा तंबूचे खुंटे ठोकले आणि वाघाच्या पिंजऱ्याशेजारी झोपायला सांगितलं तेव्हा धूम ठोकली. वाघ म्हातारा होता. दात नव्हते. पण हे मला नंतर कळलं. वाघाला रोज सकाळी खिमा भरवायचे, तो डोळे मिटून खायचा, आणि त्याला भरवणारी बाई—

जाऊ दे. वाघाचं नंतर.

माणसाला माणूस ठोकतो, तो अर्थ राहिलाच.

१४ फेब्रुवारी

पुस्तक चुलीजवळ उभं करून वाळवतोय. ताई म्हणते, "काय शिजवतोयस?"

१५ फेब्रुवारी

आज मेलोच होतो. तेलाच्या टाकीत शिरलो होतो. आत गॅस साठलेला. कोणाची तरी ठिणगी पडली. नुसता 'भप्प' असा आवाज, मोठा नाही, एखाद्याने उशीवर बुक्की मारावी तसा. भुवया गेल्या. समोर सगळं निळं. दाजीने कॉलर धरून मला भोकातून बाहेर फेकलं, तिथल्या पत्र्याने त्याची पोटरी फाटली. दुसरे दोघे आत राहिले. ते ओरडत होते ते मला ऐकू येत होतं, मग येईना.

दाजी धापा टाकत म्हणाला, "तुमच्या ताईला काय तोंड दाखवणार होतो मी?"

संध्याकाळी ताईने त्याची पोटरी बांधली. चामड्याला टाका घालते तशी मान खाली घालून. पट्टी घट्ट झाली म्हणून त्याने तिच्या तोंडात मारली. त्याच पायाने लाथही.

काय करायचं या माणसाचं?

१७ फेब्रुवारी

ठोक्याला पुस्तक दाखवलं. नाकाफनंतर तो रुळाखालीच बसून जेवतो. त्याला मी आवडतो असं नाही. पण मी बडबडतो आणि त्याला एकट्याने जेवायचा कंटाळा आहे.

शब्द कुठून आला तेही पुस्तकात दिलंय. पूर्वी वल्ह्यांची जहाजं असायची. एक माणूस लाकडाच्या ठोकळ्यावर ठोके देत बसायचा. त्या तालावर शंभर-दोनशे गुलाम वल्हं ओढायचे, साखळीला बांधलेले. ताल चुकला की चाबूक. आणि एक ठरावीक ठोका पडला की थांबायचं. त्या ठोक्यावरून हा शब्द, असं सांगतात. पण लगेच खाली बारीक अक्षरात— ही गोष्ट लोक सांगतात खरी, तिला पुरावा नाही. काम थांबवणं हा अर्थ मात्र सगळ्यात जुना. बाकीचे नंतर येऊन चिकटले.

ठोक्या म्हणाला, "पुरावा कशाला पाहिजे? मी बसलोय की."

मग घास गिळून म्हणाला, "आणि त्या ठोकळेवाल्याच्या मागे कोण उभं असायचं?"

"लिहिलेलं नाही."

"असणार. त्याच्याही मागे कोणीतरी असणार. बघ पुढच्या पानावर."

पुढच्या पानावर नव्हतं.

१९ फेब्रुवारी



आज साडेबाराला भरती लागणार होती. पाणी चढायच्या आत तुकडा खाली पाडायचा, नाहीतर उद्यावर जातं. ठोक्याने तीन ठोके दिले. सगळे आले. फळ्यावर दोन बिल्ले राहिले. सतरा आणि तेहेतीस.

मुकादम ओरडला, "ठोक."

"दोघं आत आहेत."

"बाहेर येऊन बिल्ला विसरले असतील. पाणी चढतंय. ठोक."

ठोक्याने हातोडा खाली ठेवला. नुसता खाली ठेवला.  मुकादमाने तो उचलला, म्हाताऱ्याचं मनगट धरलं, पंजा रुळावर दाबला आणि म्हणाला, "मग मी ठोकतो."

एकच घाव. बोटांचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. रूळ वाजला, पण बद्द वाजला, कारण मध्ये हात होता. वर विंचवाल्याने मान बाहेर काढली. त्याला तो ठोका वाटलाच नाही. त्याने वायर धरून ठेवली.

तेवढ्यात सतरा आणि तेहेतीस पळत आले. एक पँटची बटणं लावत होता. म्हणाला, "पोट बिघडलंय."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याने त्यांना आधी डाव्या हाताने खुणावलं— बिल्ले काढा. मग खाली बसला.

२० फेब्रुवारी

मुकादम सकाळी माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ए भिंगरी. पाय नाचवतोस तेवढा हात नाचव. आजपासून हातोडा तुझ्याकडे."

ठोक्या पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. त्याला घरी जायला सांगितलं तरी गेला नाही. मला म्हणाला, "वरून मुकादम ओरडेल. खालून पाणी ओरडेल. तू कोणाचं ऐकू नकोस. खिळे बघ. खिळ्यावर बिल्ला, तर हात खाली."

"आणि त्याने माझी बोटं फोडली तर?"

"मग फोडली."

हातोडा वाटतो त्यापेक्षा जड आहे. दांडा त्याच्या मुठीने झिजून मध्ये बारीक झालाय. माझी मूठ त्यात बसत नाही, घसरते.

शेवटचा ठोका दिला तेव्हा अंगावर काटा आला. मी नुसता हात खाली आणला आणि वीस टन लोखंड पडलं. आयुष्यात माझ्या सांगण्यावरून आजवर चहासुद्धा आलेला नाही.

२३ फेब्रुवारी

ताईला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

कारण: दार. तिने दाराला आतून कडी घातली होती, तो आला तेव्हा उघडायला उशीर झाला. एवढंच. त्याने उघड्या पंजाने कानावर मारलं. दोनदा. कानातून रक्त मानेवर, मानेवरून मांडीवरच्या चामड्यावर. शिवत होती ना.

मी स्टूल घेऊन धावलो. एक लागलं त्याच्या खांद्याला, चांगलं लागलं. मग त्याने मला भिंतीवर घेतलं. गॅसकटरचे हात आहेत. डोकं धरून भिंतीवर, मग पोटात गुडघा, मग परत भिंत. वर म्हणतो काय, "मेहुणे आहात म्हणून दात ठेवतो."

ताई मध्ये पडली. मला म्हणाली— त्याला नाही, मला— "तू यात पडू नकोस. सांगून ठेवते. तू असा होऊ नकोस."

मी असा म्हणजे कसा?

२४ फेब्रुवारी

पुस्तक वाळलं. चिकटलेलं पान सोडवलं, अर्धं फाटलं, पण अक्षरं वाचता येतात. सहावा अर्थ: माणसाला मारून टाकणं. हा अर्थ अलीकडचा, शंभर-एक वर्षांचा. पुस्तकात तो एका ओळीत आहे. किमतीत सूट देण्याला चार ओळी.

मिटून ठेवलं. पुस्तकाची गरज नव्हती. स्टूल हातात घेतलं तेव्हाच ते डोक्यात होतं.

२५ फेब्रुवारी

एक्केचाळीस. पाचव्या ओळीतला पहिला खिळा.

दाजी आज शेवटून तिसरा बाहेर आला.

२६ फेब्रुवारी

आज शेवटून दुसरा. मी हातोडा वर धरून उभा होतो. त्याने बिल्ला काढला, गळ्यात घातला, माझ्याकडे बघून डोळा मारला. सुजलेल्या ओठांनी मीपण हसलो, काय करणार.

ताई पोळीचा घास उजव्या बाजूने चावते. डावीकडे जबडा उघडत नाही.

ठोक्या म्हणाला, "साठ खिळे आहेत. तू एकच काय बघत असतोस?"

२७ फेब्रुवारी

दुपारचे तीन. यार्डाच्या मागच्या भिंतीला टेकून लिहितोय.

आज भरती एकची होती. बारा वीसला तीन ठोके दिले. सगळे आले. एकेक बिल्ला निघत गेला. पाचव्या ओळीतला पहिला तेवढा राहिला.

थांबलो. दाजी आला नाही. पाणी चिखलावरून पुढे सरकायला लागलं होतं. वर तुकडा वायरीला टांगलेला, अख्खी भिंत होती जहाजाची, आणि तिच्याखाली सकाळी दाजी कापत होता ती जागा. मुकादम ओरडला, "ठोक." ठोक्या शेजारीच होता. तो वाऱ्याला पाठ करून एका हाताने विडी पेटवायचा प्रयत्न करत होता, काडी विझत होती.

इथे खोटं लिहून काय उपयोग? मुकादमाला घाबरून ठोकलं नाही. बोटं आठवून ठोकलं नाही. घाईत नजर चुकली असंही नाही. मी खिळ्याकडे बघत होतो. बिल्ला होता. त्यावर एक्केचाळीस होतं. वाऱ्याने जरासा हलत होता. बघत बघत ठोकलं.

रूळ स्वच्छ वाजला. इतका चांगला माझ्या हातून कधीच वाजला नव्हता.

तुकडा आला. जमीन उडाली. चिखल फाटकापर्यंत आला, माझ्या तोंडावर, फळ्यावर. मी तोंड पुसलं नाही. मनात एकच होतं— ताईला कोण सांगणार?

ठोक्याने वळून फळ्याकडे पाहिलं. चिखल उडालेला, पण बिल्ला दिसत होता. मग माझ्याकडे पाहिलं. विडी त्याच्या तोंडातून पडली.

आणि मागून, फाटकाच्या बाहेरून, दाजी आला.

कमरेपर्यंत भिजलेला. चालत आला, थांबला. आधी आपला बिल्ला पाहिला. मग तो पडलेला तुकडा. मग मला. बराच वेळ मला.

मुकादम आला. "एक्केचाळीस कोणाचा आत?"

"माझा," दाजी म्हणाला. "आधीच आलो होतो बाहेर. बिल्ला काढायचा राहिला. याला मीच सांगितलं होतं, ठोक म्हणून."

मुकादमाने दोघांनाही नळीने झोडलं. दाजीला जास्त. दाजी माझ्याकडे बघतच मार खात होता. मला लागत होतं की नाही, आठवत नाही.

मुकादम गेल्यावर ठोक्या उठला. डावा हात पुढे केला. "दे इकडे."

दिला हातोडा. त्याने डाव्या हाताने रुळावर चार-पाचदा हळू आपटून पाहिलं, जमतंय का. 

२८ फेब्रुवारी

काल घरी गेलोच नाही. खाडीच्या काठाने हिंडत राहिलो. निघून जाता आलं असतं. रस्ता समोर होता, ट्रक थांबत होते. आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलेना.

आज संध्याकाळी गेलो. वाटलं, दाजी फाडून ठेवेल. दाजी जमिनीवर बसून जेवत होता. म्हणाला, "ये रे. बस." 'मेहुणे' नाही, 'तुम्ही' नाही. ये रे.

स्वतःच्या ताटातला अर्धा मासा माझ्या ताटात टाकला आणि सगळं सांगितलं. जहाजाच्या समुद्राकडच्या बाजूला त्याने एक भोक पाडून ठेवलंय. तिथून तो पितळी नळ पिशवीत घालून बाहेर पडतो, खाडीपलीकडच्या भंगारवाल्याला देतो आणि नाकाफच्या आत परत. बिल्ला खिळ्यावर असला की सगळ्यांना वाटतं, माणूस आत आहे. काल पाणी लवकर चढलं, भोक बुडालं, म्हणून फिरून फाटकाने यावं लागलं.

"म्हणून गप्प बसलो," म्हणाला. "तुझं सांगितलं असतं तर माझंही निघालं असतं." मग हसायला लागला. ठसका लागेपर्यंत. ताईला म्हणाला, "ऐकलंस का गं? तुझ्या भावाने मला उडवला होता काल! पार उडवला! आणि मी याला शेळपट समजत होतो." माझ्या पाठीत थाप मारली. "घरातच निघाला की आपल्यासारखा एक."

ताई भिंतीशी शिवत बसली होती, उजवा कान आमच्याकडे. तिने मला विचारलं, "बिल्ला दिसला होता तुला?"

"हो."

"आधी दिसला की नंतर?"

"आधी."

तिने दातांनी सूत तोडलं. मग म्हणाली, "हात बघू." मी पुढे केला. तिने सुताचा तुकडा माझ्या तळव्यावरून फिरवला, मग बोटांवरून, एकेका बोटावरून. तिची बोटं गार होती. मला वाटलं, फोड बघतेय. लहानपणी मी पडून आलो की अशीच बघायची.

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं ताई."

ती म्हणाली, "तोही हेच म्हणतो."

१ मार्च

दोन दिवस झाले, दाजीने तिच्यावर हात उगारलेला नाही. आज आवाजसुद्धा चढवला नाही. यार्डात मला शेजारी उभं करून सरळ रेषेत कसं कापायचं ते दाखवलं. म्हणाला, "महिन्याभरात कटर करतो तुला."

खरं सांगायचं तर छान वाटलं. म्हणजे जमलं म्हणायचं. मेला नाही आणि सुधारलाही. आता इथे राहीन म्हणतो. पुढे कुठे जायचंय, असं वाटतच नाही, हे नवीनच आहे.

दिवसभर ताई शिवत होती. मी विचारलं, कोणाची एवढी घाई आहे? म्हणाली, "झालंच. एवढं उरकलं की सुटले."

२ मार्च

ताई गेली. आरी, दाभण, सुताचं रीळ, काहीच नाही. दाजी स्टँडवर शोधायला पळाला.

ती बसायची तिथे हातमोज्यांचे दोन जोड ठेवलेत. एक दाजीचा, नेहमीच्या मापाचा.

दुसरा मी घालून पाहिला. बरोबर बसला.